ठकी आणि दाजी

मांजर घराला जीव लावतं, माणसाला न्हाई, असं आमच्याकडं सगळेच म्हणतात. आजी म्हणायची, शेजारच्या काकू म्हणायच्या, घर बदलताना टेम्पोवाल्यानं पण ऐकवलं. मला हे वाक्य आता सहन होत नाही. मी दोन मांजरं लई जवळून बघितलीत, त्यांनी ना घराला जीव लावला ना सुरुवातीला आम्हाला, त्यांनी एकमेकांना जीव लावला आणि आम्ही त्यात नंतर आलो. दाजी आधी गेला, मग ठकी. ठकीला जाऊन पण आता बरेच महिने झाले, रोज काहीतरी आठवतं आणि लिहू लिहू म्हणत राहून जातं, म्हणून आज बसलेय.

ठकी आली २०१९ च्या उन्हाळ्यात. माझा धाकटा भाऊ कोल्हापुरातल्या शिवाजी उद्यमनगर भागात लेथवर काम करतो, तिथं मशीनच्या मागं लोखंडाचा कीस साठतो त्यात हे पिल्लू सापडलं. आई कुठंच नव्हती, दिवसभर वाट बघितली सगळ्यांनी, संध्याकाळी शटर बंद करायची वेळ झाली तसं भावानं शर्टाच्या खिशात घालून घरी आणलं. सगळ्या अंगाला ऑईल. डोळे निळे, नुकतेच दात यायला लागलेले. डॉक्टरांनी बघितल्या बघितल्या सांगितलं मादी आहे, मी म्हटलं न तपासताच कसं, तर म्हणाले पांढरा काळा केशरी असे तीन रंग एकत्र असले की जवळजवळ नेहमी मादीच असते, केशरी रंगाचं जनुक एक्स क्रोमोझोमवर असतं म्हणून. आम्ही तेव्हा गंगावेशीच्या दूध कट्ट्यापासून दोन मिनिटांवर राहायचो, आई म्हणाली कट्ट्यावरनं म्हशीचं धारोष्ण आणूया की, पण डॉक्टरांनी स्पष्ट नको म्हणून सांगितलं, एवढ्या लहान पिल्लाचं पोट बिघडतं आणि त्यातच जातात ती. मांजराच्या पिल्लांची वेगळी दुधाची पावडर मिळते ती कोमट पाण्यात कालवून सिरिंजनं द्यायची, ते पण पिल्लाला पोटावर ठेवून, बाळासारखं उताणं धरलं तर दूध फुप्फुसात जातं. पाजण्याआधी अंग गरम पाहिजे, गार पिल्लाला दूध पचत नाही. पाजून झालं की ओल्या कापसानं मागं पुसायचं म्हणजे शी शू होते, आई नसली की हे आपण करायचं. आईनं हे सगळं असं केलं की बघत राहावं, रात्री गजर लावून उठायची, साठीची बाई, गुडघे दुखतात तरी.

तेव्हा आम्ही शुक्रवार पेठेत होतो, जामदार क्लबच्या अलीकडं, जुनं घर, मागं एक गोठा. कोल्हापूरचे लोक एवढ्यावरनंच ओळखतील पुढं काय झालं ते.

२०१९ चा ऑगस्ट. पंचगंगेचं पाणी पात्राबाहेर पडणं आम्हाला काय नवीन नाही, दरवर्षी राजाराम बंधाऱ्याची पातळी बघत बघतच आमचा पावसाळा जातो, ३९ फुटाला इशारा आणि ४३ ला धोका, हे आमच्याकडं शाळेतल्या पोराला पण पाठ असतं. पण त्यावर्षी ५५ च्या वर गेलं. शिरोलीजवळ हायवे बंद, दूध नाही, पेट्रोल नाही, चारी बाजूला पाणी आणि नळाला मात्र पाणी नाही. कुंभार गल्लीतल्या लोकांचे गणपती भिजून गेले, महिन्याभरावर चतुर्थी आलेली, त्या लोकांचे चेहरे मी विसरू शकत नाही. आम्ही पाणी उंबऱ्याला लागायच्या आत बाहेर पडलो, ठकीला भाजीच्या बुट्टीत घालून वर दुसरी बुट्टी उपडी बांधली, आणि राजारामपुरीत मावशीकडं गेलो. ठकी तेव्हा तीन साडेतीन महिन्यांची असेल.

दाजी त्याच पुरात मिळाला. भाऊ गल्लीतल्या पोरांबरोबर लोकांना बाहेर काढायला जात होता, गुऱ्हाळाची काईल, म्हणजे उसाचा रस उकळायची मोठी कढई, घेऊन फिरत होती पोरं, आमच्याकडं पुरात काईलीचीच होडी होते. तर आमच्या मागच्या गोठ्याच्या पत्र्यावर हा बोका बसलेला. केशरी, मोठं डोकं, एक कान फाटलेला. भाऊ सांगतो की तो ओरडत पण नव्हता, आवाजच गेला होता त्याचा, नुसतं तोंड उघडत होता. म्हशी आधीच हलवल्या होत्या, त्याला कुणी बघितलाच नसणार. पोत्यात घालताना त्यानं भावाच्या हाताला कडकडून चावा घेतला, भावाला रेबीजची इंजेक्शनं घ्यावी लागली, तरीपण एकदा सुद्धा भावानं त्याला नाव ठेवलं नाही, म्हणाला अक्का, भ्यालेलं ते, आपण असतो तर आपण पण चावलो असतो.

मावशी मांजर म्हटलं की नाक मुरडणारी. ठकीला कसंबसं चालवून घेतलं होतं, हा दुसरा बघून कपाळाला हात लावला. गच्चीवरच्या खोलीत ठेवा, खाली नको, एवढ्यावर तयार झाली. आणि हा गडी खोलीत सोडल्यावर थोडा वेळ कोपऱ्यात बसला, मग उठला, अंथरलेल्या चादरीच्या बरोब्बर मधे येऊन बसला आणि ताट कुठाय अशा नजरेनं आमच्याकडं बघायला लागला, पहिल्या दिवाळसणाला आलेल्या जावयागत. मावशीच हसली आणि म्हणाली, या दाजी, बसा. तेच नाव पडलं.

डॉक्टर म्हणाले वय पाच सहा वर्षं असेल. रक्ताची टेस्ट केली, लस दिली, आणि बजावलं की दोघांना एकत्र आणायची घाई करू नका, मोठा बोका आहे, लहान पिल्लाला इजा करू शकतो, शिवाय त्याला काही आजार असला तर तिला व्हायचा. पहिल्यांदा नुसता वास ओळखीचा होऊ दे. मग त्याच्या अंगावर पुसलेला टॉवेल हिच्याकडं, हिचा त्याच्याकडं, दाराच्या अलीकडं पलीकडं दोघांची वाटी. हे असंच बरेच दिवस. दारामागनं तो फिस्कारायचा आणि ही दाराच्या फटीतनं पंजा आत घालायची.

एक दिवस मावशी कपडे वाळत घालायला वर गेली आणि तिच्या पायातनं ठकी आत. मावशीची किंकाळी ऐकून आम्ही सगळे वर पळालो. दाजी अंग फुगवून उभा होता, घशातनं गुरगुरत होता, आणि ही एवढीशी शेपटी वर करून सरळ त्याच्या पोटाखाली जाऊन पुढच्या पायांनी त्याचं पोट मळायला लागली आणि चक्क दूध शोधायला लागली! बोका तो. काय मिळणार तिला. दाजी हललाच नाही. मग हळूहळू खाली बसला, आडवा झाला, आणि तिचं डोकं चाटायला लागला. मांजरं एकमेकांना चाटतात ते बहुतेक डोकं आणि मानच, जिथं स्वतःची जीभ पोचत नाही ती जागा, हे मी नंतर वाचलं, पण त्या दिवशी एवढंच दिसलं की ज्याला कुणी काढायला आलं नव्हतं त्याच्याकडं कुणीतरी आपणहून गेलं होतं. मावशी दारातच उभी राहून रडायला लागली. तिथनं पुढं मावशीनं मांजराला कधी नाव ठेवलं नाही.

त्यानंतर दोघं वेगळी झालीच नाहीत. ठकी मोठी झाली, दोघांची ऑपरेशनं झाली, लोक म्हणाले आता बोका बदलेल, हिला ओळखणार नाही. काही बदललं नाही. ती दीड वर्षाची घोडी झाली तरी झोपताना त्याच्या पोटाशी तोंड खुपसून चोखायची, तिथले केस कायम ओले आणि चिकट. जेवताना तो थांबायचा. खरंच थांबायचा, मी कितीवेळा मुद्दाम बघितलं, दोन वाट्या ठेवल्या तरी हिनं तोंड घातल्याशिवाय तो सुरुवात करायचा नाही. रविवारी आमच्याकडं मटण असतंच, कोल्हापुरात वेगळं सांगायला नको, तर अळणी शिजायला घालायच्या आधी आई चार तुकडे बाजूला काढायची आणि नुसत्या पाण्यात उकडायची, कारण कांदा लसूण मांजराला विषच आहे, रक्तातल्या लाल पेशी फुटतात. ते तुकडे गार होईपर्यंत दोघं ओट्याखाली शेजारी शेजारी बसून. आई त्यांच्याशी बोलत बसायची, "थांबा की रं, तोंड भाजंल." 

आता पावसाचं सांगते, कारण मला त्या दोघांचं जे कळलं ते सगळं पावसातनंच कळलं.

पूर ओसरल्यावर आम्ही घरी आलो, चिखल काढला, भिंती ओल्याच होत्या कितीतरी महिने. दाजी खाली उतरायलाच तयार नाही, माळ्यावर जाऊन बसला. आणि पुढच्या वर्षी जूनमधे पत्र्यावर पहिला पाऊस वाजायला लागला तसा तो थरथरायला लागला, डोळे मोठे, तोंड उघडून श्वास. पलंगाखाली भिंतीला चिकटून बसला, आम्ही हाक मारली, खायला दाखवलं, काय उपयोग नाही. ठकी त्यावेळी वर्षाची, तिला खेळण्याशिवाय काही सुचत नव्हतं, पण ती पलंगाखाली गेली आणि त्याच्या अंगाला अंग लावून बसून राहिली. पाऊस थांबेपर्यंत. आणि कोल्हापूरचा जुलै म्हणजे पाऊस थांबत नाही. खायला बाहेर यायची, खाऊन परत आत. चार महिने हे असंच, आणि दरवर्षी. लहानपणी त्यानं तिला सांभाळलं आणि आता ती त्याला सांभाळत होती, कुणी शिकवलं नव्हतं. मांजर स्वार्थी असतं म्हणणाऱ्या माणसाला मी त्या पलंगाखाली वाकून बघायला लावलं असतं.

२०२१ च्या जुलैत परत पाणी आलं. परत तेच सगळं. आई म्हणाली आता बास, माझ्यात ताकद न्हाई राहिली, आणि आम्ही कळंब्याला फ्लॅट घेतला, तिसऱ्या मजल्यावर. तेव्हाच सगळ्यांनी ऐकवलं, बोका जुन्या घराकडं पळणार, मांजरी तर नक्की जाणार, शुक्रवार पेठ काय लांब नाही. झालं असं की सामान हलवायच्या दिवशीच दाजीच्या दातांचं ऑपरेशन ठरलं होतं, हिरड्या सुजून त्याला खाता येईना म्हणून बरेच दात काढावे लागले आणि एक रात्र त्याला दवाखान्यात ठेवलं. ठकी एकटी नव्या घरात आली. वॉशिंग मशीनच्या मागं जाऊन बसली ती बसलीच. पाणी पण प्यायली नाही. मला वाटलं खरंच असणार लोक म्हणतात ते, हिला जुनं घर पाहिजे. दुसऱ्या दिवशी दाजीला आणायला गेलो तर डॉक्टरांनी आणखी एक सांगितलं, याला दवाखान्याचा वास लागलाय, दुसरं मांजर अशावेळी ओळखत नाही, एकमेकांवर वाढलेली मांजरं पण मारामारी करतात, त्यामुळं लगेच एकत्र सोडू नका. आम्ही पिशवी हॉलमधे ठेवली, चेन बंदच. दाजीनं आतनं एक बारीक आवाज काढला, तो आधीपासनंच घोगरा, पुरात गेलेला आवाज पूर्ण आलाच नव्हता कधी. मशीनच्या मागनं ठकी आली. पिशवी हुंगली, एकदा फिस्कारली पण, मागं सरकली, परत आली, आणि जाळीवर तोंड घासायला लागली. आईनं डॉक्टरांचं न ऐकता चेन उघडली. "ती वळखती त्याला, बघ की." अर्ध्या तासात दोघं नव्या घरात, खोके न उघडलेल्या त्या हॉलमधे झोपलेली होती. जुन्या घराकडं पळायचा विचार दोघांपैकी एकाच्या पण मनात कधी आला नाही, दार कितीवेळा उघडं राहिलं तरी. त्यांचं घर त्या पिशवीत आलं होतं.

तिसऱ्या मजल्यावर पत्रा नव्हता म्हणून पावसाचा आवाज कमी यायचा, दाजीला तिथं पहिल्यांदा पावसाळ्यात खिडकीत बसलेला बघितला. ती वर्षं लई चांगली गेली. त्यांच्याबद्दल फार काही सांगण्यासारखं नाही, सुखाचं काय सांगणार, ऊन आलं की दोघं उन्हात आणि ऊन सरकलं की दोघं सरकायची.

मग दाजी पाणी जास्त प्यायला लागला. बादलीतनं, भांड्यातनं, तुळशीच्या कुंडीतनं. लिटरबॉक्समधे मातीचे मोठे मोठे गोळे व्हायला लागले, वजन उतरलं. रक्तात क्रिएटिनिन वाढलेलं निघालं, म्हणजे किडनी बिघडलेली. म्हाताऱ्या मांजरांत हे खूप असतं, आणि किडनीचं बरंचसं काम बंद पडेपर्यंत मांजर बाहेरनं काहीच दाखवत नाही. बरं होणारा आजार नाही, पण चांगले दिवस वाढवता येतात, म्हणून किडनीचं वेगळं खाणं आणि घरीच कातडीखाली सलाईन. कुणाला हे करावं लागणार असेल तर घाबरू नका, दिसतं तेवढं अवघड नाही. मानेच्या मागची कातडी चिमटीत धरून तंबूसारखी वर उचलायची, तिथं सुई, आणि आरएलची म्हणजे सलाईनची बाटली उंच टांगायची, शंभर एमएल सात आठ मिनिटांत जातं, खांद्याजवळ पाण्याचा फुगा येतो तो नंतर जिरतो. भाऊ धरायचा, मी सुई लावायची. ठकी दर वेळी यायची. सुई बघून मांजर पळतं, ही यायची, त्याच्या तोंडासमोर बसायची आणि पाणी जाईपर्यंत त्याचं कपाळ चाटायची. पहिल्यांदा भाऊ म्हणाला, हिला बाहेर काढ अक्का, मधेमधे येतीय. आई म्हणाली, असूदे की, तिच्यामुळंच तो गप बसलाय. आणि खरंच, एकदा ठकी कपाटात अडकली होती त्या दिवशी दाजीला सुई लावता आली नाही, आधी तिला सोडवावं लागलं.

दाजी २०२३ च्या हिवाळ्यात गेला, घरात, पहाटे, ठकी जवळ असताना. डॉक्टरांना फोन केला तर म्हणाले लगेच नेऊ नका, तिला त्याला हुंगू दे, बघू दे, म्हणजे शोधत राहणार नाही. तिनं हुंगलं, कान चाटले, थोडा वेळ बसली आणि उठून गेली. मामाच्या मळ्यात नेऊन ठेवला त्याला, उसाच्या बांधावर.

आणि तरीही ती शोधत राहिली. पलंगाखाली जाऊन हाक मारायची, वेगळाच आवाज, लांबडा, तसा आवाज तिनं आधी कधीच काढला नव्हता. खाणं सोडलं. मांजरानं दोन तीन दिवस काहीच खाल्लं नाही तर लिव्हरवर चरबी चढते आणि त्यातच जीव जाऊ शकतो, त्यामुळं दुःख आहे म्हणून वाट बघत बसता येत नाही, आईनं परत सिरिंज काढली आणि पातळ खाणं थोडं थोडं भरवायला लागली. २०२४ मधे अमेरिकेतल्या ओकलंड युनिव्हर्सिटीच्या लोकांचा एक अभ्यास आला होता, घरातलं दुसरं जनावर गेल्यावर मांजरं कशी वागतात त्यावर, त्यांनी मांजर पाळणाऱ्यांना विचारून लिहिलंय की झोप, खाणं, खेळणं कमी होतं, माणसाच्या मागंमागं करणं वाढतं, गेलेल्याला शोधल्यासारखं करतात. मी वाचून आईला सांगितलं. आई म्हणाली, ह्याला अमेरिका कशाला लागती.

पण ठकी त्यातनं उठली, आणि हे मला सांगायचंच आहे, कारण ती गेल्यावर सगळे म्हणाले त्याच्या मागोमाग गेली, विरहानं गेली. नाही. ती वर्षभराहून जास्त जगली त्याच्यानंतर, आणि नीट जगली. हळूहळू खायला लागली. आधी जी माझ्या मांडीवर दोन मिनिटं टिकायची नाही ती रात्री माझ्या पोटाशी येऊन झोपायला लागली. दाजीची खिडकीतली जागा तिनं घेतली, त्याच वेळेला, संध्याकाळी भाऊ गाडी लावतो तेव्हा. तिला दुःख झालं नाही असं मी म्हणत नाही, पण ती दुःखानं मेली म्हणणं हे तिच्यावर अन्याय करणारं वाटतं मला, तिनं एवढा धीर धरला त्याचं काय मग. तिचं हृदय आजारी होतं, भिंत जाड झालेली, मांजरांत हाच हृदयरोग सगळ्यात जास्त दिसतो आणि कितीतरी वर्षं कळत नाही. एका संध्याकाळी किंचाळली आणि मागचे दोन्ही पाय ओढायला लागली. पाय गार पडलेले. गुठळी जाऊन पायांचा रक्तपुरवठाच बंद झाला होता. डॉक्टरांनी हात लावला आणि त्यांच्या तोंडावरनंच कळलं. वेदना फार असतात यात, वाचायची शक्यता कमी, वाचली तरी परत होतं. आम्ही इंजेक्शनला हो म्हणालो. आईनं तिचं डोकं धरलं होतं आणि तिला एकच सांगत होती, "जा बाळा, जा, दाजी हाय तिकडं." मी असल्या गोष्टी मानत नाही, पण त्या वेळी मला पण ते खरंच वाटत होतं, आणि अजून वाटावं असं वाटतं.

तिला पण मळ्यात ठेवलं, त्याच्या शेजारी.

घरात किडनीच्या खाण्याचं एक पाकीट, आरएलच्या बाटल्या, सुया असं बरंच शिल्लक होतं. तारखा बघून जे चालण्यासारखं होतं ते भावाच्या ओळखीतनं राजारामपुरीतल्या एका घरी दिलं, त्यांच्या बोक्याला तेच झालंय. त्या ताईंना सुई लावायची भीती वाटत होती म्हणून मी जाऊन दाखवलं. त्यांच्याकडं पण दोन आहेत, दुसरी एक काळी मांजरी, ती सारखी टेबलावर चढून वास घेत होती आणि ताई तिला उचलून बाहेर नेऊन दार लावायला निघाल्या. म्हटलं नको ताई, तिला राहू दे इथंच. राहू दिलं त्यांनी, आणि पहिल्याच वेळी शंभरच्या शंभर एमएल गेलं. बाटली आधी कोमट पाण्यात ठेवायची हे सांगायचं राहिलं होतं, गार पाण्यानं बिचारी शहारतात, ते रात्री फोन करून सांगितलं.